प्रोलॉगमधून चित्रपटांच्या ऑनलाइन विदागाराला प्रश्न विचारणे: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

अकिरा कुरोसावा यांच्या कोणत्या चित्रपटांत तकाशी शिमुरा आहेत, पण तोशिरो मिफुने नाहीत? चित्रपटांच्या संकेतस्थळावरच्या शोधपेटीत हा प्रश्न टाकून पाहिला, तर उत्तर मिळत नाही. उत्तरासाठी लागणारी सगळी माहिती तिथे असते, परंतु ती एकमेकींशी जुळवून पाहण्याची सोय त्या पेटीत नसते. ही जुळवाजुळव हेच तर्काधिष्ठित प्रोग्रामिंगचे खरे काम आहे. त्यात उत्तर कसे शोधायचे हे सांगावे लागत नाही. काय खरे आहे ते तथ्यांच्या रूपात आणि कशावरून काय निघते ते नियमांच्या रूपात लिहिले, की शोध घेण्याचे काम भाषा स्वतः करते. प्रोलॉग ही अशीच भाषा आहे.

अडचण येते ती नेटवर्कशी सांधा जोडताना. प्रोलॉग उत्तर शोधताना वारंवार मागे फिरते, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते आणि जे सापडले नाही ते खोटे मानते. नेटवर्क मात्र संथ असते, किती वेळा विचारता यावर लक्ष ठेवते आणि केव्हाही मध्येच गप्प होते. या दोन स्वभावांची सरळ गाठ घालून दिली, तर प्रोग्राम रेंगाळतो किंवा चुकीची उत्तरे आत्मविश्वासाने देतो. म्हणून या लेखातील सर्व पायऱ्या एका आग्रहावर उभ्या आहेत: माहिती आणण्याचे काम वेगळे ठेवावे आणि प्रश्न विचारण्याचे काम वेगळे ठेवावे.

एक सूचना आधीच देतो. लेखातील नमुन्यांत अंगभूत नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर टंकताना ती आणि आकडे रोमनमध्येच लिहावेत. तुम्ही स्वतः ठरवलेली नावे मात्र देवनागरीत ठेवायला एसडब्ल्यूआय-प्रोलॉगची (या लेखात वापरलेल्या प्रोलॉगच्या आवृत्तीची) हरकत नसते.

## १. काय काय लागेल

- एसडब्ल्यूआय-प्रोलॉग. हे मुक्त सॉफ्टवेअर असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. नेटवर्कशी बोलण्याची आणि जेसन (माहितीच्या देवाणघेवाणीचे मजकुरी स्वरूप) वाचण्याची लायब्ररी बहुतेक ठिकाणी त्यासोबतच येते. काही लिनक्स वितरणांत मात्र ती वेगळ्या पॅकेजमध्ये असते.
- टीएमडीबी या चित्रपट-विदागाराचे खाते आणि त्यावर मिळणारे टोकन, म्हणजे विनंती करणाऱ्याची ओळख पटवणारी गुप्त अक्षरमाला.
- यूटीएफ-८ मध्ये फाइल जतन करणारा कोणताही मजकूर-संपादक.
- ज्याचे उत्तर तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, अशा दोन-तीन प्रश्नांची यादी. पडताळणीच्या वेळी तिची गरज पडते.

पायथॉनमध्ये रुळलेल्यांना एसडब्ल्यूआय-प्रोलॉगची ‘जानुस’ ही लायब्ररी सोयीची वाटेल. तिच्यामुळे पायथॉनच्या प्रोग्राममधून प्रोलॉगला प्रश्न विचारता येतात आणि नेटवर्कचा भाग पायथॉनमध्येच ठेवता येतो. पुढील सर्व पायऱ्या त्या मार्गालाही तशाच लागू आहेत.

## २. विदागार निवडणे

सर्वसाधारणपणे तीन पर्याय समोर येतात आणि तिघांचा स्वभाव निराळा आहे.

टीएमडीबी मागणीनुसार माहिती देते. एका चित्रपटाबद्दल विचारले, की जेसन स्वरूपात त्याच चित्रपटाची माहिती येते. थोड्या चित्रपटांवर खोलात काम करायचे असेल, तर हा पर्याय उत्तम आहे आणि हा लेख तोच धरून चालतो.

आयएमडीबी वैयक्तिक आणि अव्यावसायिक वापरासाठी आपल्या माहितीच्या सात संकुचित फाइली उपलब्ध करून देते. त्या रोज नव्याने तयार होतात, स्तंभ टॅबने वेगळे केलेले असतात आणि अज्ञात मूल्याच्या जागी उलटी तिरपी रेघ व त्यापुढे मोठे ‘एन’ हे अक्षर असते. लाखो नोंदी एकदम हव्या असल्यास हा मार्ग योग्य आहे. मात्र कलाकारांच्या फाइलीत प्रमुख व्यक्तींचीच नोंद असते, संपूर्ण श्रेयनामावली नसते, हे विसरू नये. ‘अमुक या चित्रपटात नव्हता’ अशा प्रश्नांसाठी ही उणीव घातक ठरते. तिचा विचार सातव्या पायरीत येईल.

विकिडेटा हा तिसरा पर्याय. तिथे स्पार्कल भाषेत प्रश्न लिहावा लागतो. चित्रपटासाठी क्यू११४२४, दिग्दर्शकासाठी पी५७ आणि कलाकारासाठी पी१६१ असे ठरलेले संकेत आहेत. या माहितीवर कॉपीराइटचे बंधन नाही. सार्वजनिक सेवेवर एका प्रश्नाला ६० सेकंदांची मर्यादा असते आणि सैलसर लिहिलेला प्रश्न ती सहज ओलांडतो. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्ये स्पार्कलसाठी तयार लायब्ररी आहे.

नवख्याने तिन्ही एकदम वापरण्याचा मोह टाळावा. एकाच व्यक्तीचे ओळख-क्रमांक तिन्हीकडे वेगळे असतात आणि ते जुळवणे हा स्वतंत्र प्रकल्प होऊन बसतो.

## ३. टोकन मिळवणे आणि सांभाळणे

टीएमडीबीवर खाते उघडून सेटिंग्जमधील एपीआय विभागात अर्ज करावा. अव्यावसायिक वापर विनामूल्य आहे. मंजुरीनंतर तिथे दोन गोष्टी दिसतात: एक आखूड ‘की’ (किल्लीसारखी अक्षरमाला) आणि एक लांबलचक रीड ॲक्सेस टोकन. आखूड की पत्त्याच्या शेवटी जोडावी लागते आणि त्यामुळे ती नोंदवह्यांत, त्रुटींच्या संदेशांत आणि स्क्रीनच्या छायाचित्रांत उमटत राहते. लांब टोकन विनंतीच्या शीर्षकात, ‘ऑथोरायझेशन’ या नावाखाली, ‘बेअरर’ या शब्दापुढे लिहून पाठवले जाते. शक्य असेल तिथे टोकनच वापरावे.

टोकन प्रोग्रामच्या फाइलीत लिहू नये. ते संगणकाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवून ‘गेटएन्व्ह’ या विधेयाने (प्रोलॉगमधील तथ्य, नियम किंवा आज्ञेच्या नावाला विधेय म्हणतात) वाचावे. फाइल एखाद्या सार्वजनिक रिपॉझिटरीत गेली, की टोकनही गेले असे समजावे. नंतर ती ओळ खोडली, तरी जुन्या आवृत्तीत ती राहतेच.

## ४. माहिती आणणे

या टप्प्यावर कोणताही तार्किक प्रश्न विचारायचा नाही. फक्त हव्या त्या चित्रपटांची माहिती आणून, जशी आली तशी, संगणकावर साठवायची आहे.

चित्रपटाचा क्रमांक ठाऊक असेल, तर त्याची मूळ माहिती आणि श्रेयनामावली एकाच विनंतीत मागता येते. त्यासाठी विनंतीत ‘अपेंड टू रिस्पॉन्स’ हा घटक जोडून त्याला ‘क्रेडिट्स’ हे मूल्य द्यावे. उदाहरणार्थ, टीएमडीबीवर ‘सेव्हन सामुराई’चा क्रमांक ३४६ आहे. क्रमांक ठाऊक नसेल, तर आधी शोधविनंती करावी आणि आलेल्या यादीतून वर्ष पाहून योग्य नोंद स्वतः निवडावी. निवडीचे हे काम प्रोग्रामवर सोपवू नये. ‘गॉडझिला’ या नावाने शोधले, तर १९५४, १९९८ आणि २०१४ या वर्षांचे वेगवेगळे चित्रपट समोर येतात. यादीतला पहिला उचलणारा प्रोग्राम कधी कोणता उचलेल याचा भरवसा नाही.

विनंती पाठवण्यासाठी ‘एचटीटीपी_ओपन’ आणि उत्तर वाचण्यासाठी ‘जेसन_रीड_डिक्ट’ ही विधेये आहेत. ‘एचटीटीपी_ओपन’ला पत्ता अखंड मजकूर म्हणून देण्यापेक्षा होस्ट, पाथ आणि सर्च असे तुकडे करून द्यावा. मग नावातील मोकळ्या जागा आणि रोमनेतर अक्षरे आपोआप योग्य रूपात जातात, आपल्याला हाताने काही बदलावे लागत नाही. उघडलेला प्रवाह काम संपल्यावर, आणि काम फसल्यावरही, बंद व्हावा यासाठी सारे ‘सेटअप_कॉल_क्लीनअप’मध्ये गुंडाळावे.

इथे चार सापळे आहेत.

पहिला सापळा पानांचा. शोधाचे उत्तर पानापानाने येते, एका पानावर २० नोंदी असतात आणि ५०० पानांपलीकडे जाता येत नाही. पहिल्या पानालाच संपूर्ण उत्तर समजू नये. उत्तरात एकूण पानांची संख्या दिलेली असते, ती वाचावी.

दुसरा सापळा वेगाचा. टीएमडीबीवर पूर्वी १० सेकंदांत ४० विनंत्यांची मर्यादा होती आणि ती डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. याचा अर्थ वाटेल तितक्या वेगाने विचारता येते असा नव्हे. फार घाई केल्यास ४२९ हा स्थिती-संकेत परत येतो. तो आल्यावर थोडे थांबून पुन्हा विचारावे आणि दोन विनंत्यांमध्ये मुळातच लहानसा विराम ठेवावा.

तिसरा सापळा सर्वांत फसवा आहे. नेटवर्कची त्रुटी आली, की प्रोग्राम कोसळू नये म्हणून अनेक जण ‘कॅच’ वापरतात आणि त्रुटी आल्यास ‘फेल’ असे लिहून मोकळे होतात. प्रोलॉगमध्ये ‘फेल’चा अर्थ ‘हे खरे नाही’ असा होतो. म्हणजे वायफाय दोन सेकंद गेले आणि त्याच क्षणी एखाद्या चित्रपटाचे कलाकार विचारले जात होते, तर त्या चित्रपटात कोणीच कलाकार नाही असा निष्कर्ष शांतपणे निघतो. पडद्यावर त्रुटीचा मागमूसही नसतो. ‘माहिती मिळाली नाही’ आणि ‘असे घडले नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक प्रोलॉग आपल्यासाठी राखत नाही; तो आपण राखायचा असतो. म्हणून ‘एचटीटीपी_ओपन’कडून स्थिती-संकेत मागून घ्यावा, तो २०० (म्हणजे ‘सारे ठीक’) असेल तरच पुढे जावे आणि एरवी त्या चित्रपटाचा क्रमांक ‘राहिलेले’ या वेगळ्या यादीत टाकावा. ती यादी रिकामी झाल्याशिवाय पुढच्या पायरीकडे वळू नये.

चौथा सापळा साठवणुकीचा. आलेले जेसन जसेच्या तसे, चित्रपटाच्या क्रमांकाच्या नावाने, फाइलीत ठेवावे. तथ्यांची रचना नंतर दोन-तीनदा तरी बदलावी लागते. मूळ फाइली हाताशी असतील, तर प्रत्येक बदलासाठी पुन्हा नेटवर्कवर जावे लागत नाही.

## ५. जेसनमधून तथ्ये तयार करणे

साठवलेल्या फाइली वाचून त्यांतून प्रोलॉगची तथ्ये लिहावीत. खालील लहान संच पुढे सर्वत्र वापरला आहे. वाचायला सोपे जावे म्हणून इथे ओळख-क्रमांकांऐवजी आखूड नावे घेतली आहेत. प्रत्यक्षात व्यक्ती आणि चित्रपट या दोन्हींसाठी विदागाराने दिलेले क्रमांकच वापरावेत.

```
नाव(सामुराई, 'सेव्हन सामुराई').
नाव(राशोमोन, 'राशोमोन').
नाव(इकिरू, 'इकिरू').
नाव(गॉडझिला, 'गॉडझिला').

वर्ष(सामुराई, १९५४).
वर्ष(राशोमोन, १९५०).
वर्ष(इकिरू, १९५२).
वर्ष(गॉडझिला, १९५४).

दिग्दर्शन(कुरोसावा, सामुराई).
दिग्दर्शन(कुरोसावा, राशोमोन).
दिग्दर्शन(कुरोसावा, इकिरू).
दिग्दर्शन(होंडा, गॉडझिला).

भूमिका(मिफुने, सामुराई).
भूमिका(शिमुरा, सामुराई).
भूमिका(मिफुने, राशोमोन).
भूमिका(शिमुरा, राशोमोन).
भूमिका(शिमुरा, इकिरू).
भूमिका(शिमुरा, गॉडझिला).
भूमिका(ताकारादा, गॉडझिला).
```

नाव आणि वर्ष एकाच तथ्यात न ठेवता वेगळी का ठेवली, असे कोणी विचारेल. कारण असे की काही नोंदींत प्रदर्शनाची तारीख रिकामी असते. एकाच तथ्यात सारे कोंबले, तर त्या रिकाम्या जागी काहीतरी भरावे लागते आणि बहुतेक जण शून्य भरतात. मग ‘१९५५ पूर्वीचे चित्रपट’ विचारल्यावर तारीख नसलेले सगळे चित्रपट उत्तरात येऊन बसतात. वर्ष वेगळे ठेवले, तर जिथे ते माहीत नाही तिथे तथ्यच लिहायचे नाही. तारीख पूर्ण रूपात येते; तिच्यातून वर्षाचे पहिले चार आकडे काढून त्यांचे संख्येत रूपांतर करायला विसरू नये, नाहीतर तुलना संख्यांची न होता मजकुराची होते किंवा प्रोलॉग त्रुटी दाखवून थांबते.

दिग्दर्शक शोधताना आणखी जपावे लागते. श्रेयनामावलीच्या तंत्रज्ञांच्या यादीत प्रत्येक नोंदीला ‘डिपार्टमेंट’ आणि ‘जॉब’ अशी दोन क्षेत्रे असतात. दिग्दर्शन विभागात सहायक दिग्दर्शकही येतात, त्यामुळे विभाग पाहून निवड केली, तर एका चित्रपटाला चार दिग्दर्शक मिळतात. ‘जॉब’ बरोबर ‘डायरेक्टर’ आहे का, हेच पाहावे. एकाच व्यक्तीने अनेक कामे केली असतील, तर ती या यादीत तितक्या वेळा येते. कुरोसावा स्वतः लेखन आणि संकलनही करत, त्यामुळे त्यांचे नाव पुन्हा पुन्हा दिसले, तर गोंधळून जाऊ नये.

‘जेसन_रीड_डिक्ट’ मजकूर स्ट्रिंग म्हणून परत देते, तर वर लिहिलेली नावे ॲटम (प्रोलॉगमधील अखंड नावे) आहेत. दुहेरी अवतरणचिन्हांतली स्ट्रिंग आणि एकेरी चिन्हांतला ॲटम दिसायला सारखे असले, तरी ते एकमेकांशी जुळत नाहीत. दोहोंपैकी एक रूप ठरवून सगळीकडे तेच ठेवावे. रिकामे मूल्य ‘नल’ या ॲटमच्या रूपात येते; ते गाळले नाही, तर ‘नल’ नावाचा एक अतिशय कामसू कलाकार तुमच्या विदागारात तयार होतो.

तथ्ये स्मृतीत ‘असर्टझ’ने भरण्यापेक्षा ‘पोर्ट्रे_क्लॉज’ने फाइलीत लिहून मग ती फाइल वाचावी, असे माझे मत आहे. अवतरणचिन्हे आणि पूर्णविराम ते विधेय स्वतः सांभाळते, फाइल डोळ्यांनी तपासता येते आणि दोनदा वाचली, तरी तथ्ये दुप्पट होत नाहीत. ‘असर्टझ’ वापरायचेच असेल, तर आधी ‘रिट्रॅक्टऑल’ने जुनी तथ्ये काढून टाकावीत.

देवनागरी नावांबद्दल दोन गोष्टी. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नसल्यामुळे चल (ज्याचे मूल्य प्रोलॉगने शोधायचे असते ते नाव) ओळखू येण्यासाठी त्याच्या आरंभी अधोरेखा द्यावी लागते, जसे की `_चित्रपट`. तसेच ‘ॲ’ हे अक्षर काही कळफलक एकाच संकेताने लिहितात, तर काही ‘अ’ आणि चंद्र असे दोन संकेत देतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, प्रोलॉगला मात्र ती दोन निराळी नावे वाटतात आणि यूनिकोडचे प्रमाणीकरण करूनही ती एक होत नाहीत. ओळख-क्रमांक वापरण्याचा आग्रह याचसाठीही आहे.

## ६. पहिले प्रश्न विचारणे

दोन कलाकारांनी एकत्र काम केले, हे नियमाने असे सांगता येते (`:-` म्हणजे ‘जर’, ओळीअखेरचा स्वल्पविराम म्हणजे ‘आणि’, `\==` म्हणजे ‘वेगळे’):

```
सहकलाकार(_अ, _ब, _चि) :-
    भूमिका(_अ, _चि),
    भूमिका(_ब, _चि),
    _अ \== _ब.
```

आता `सहकलाकार(मिफुने, _कोण, _चि)` असे विचारल्यावर शिमुरा हे उत्तर दोनदा येते, एकदा ‘सेव्हन सामुराई’साठी आणि अर्धविराम दाबल्यावर पुन्हा ‘राशोमोन’साठी. हाच नियम उलटही चालतो: दोन्ही नावे देऊन चित्रपट विचारता येतो किंवा चित्रपट देऊन जोड्या विचारता येतात. वेगळे फलन लिहावे लागत नाही.

शेवटची ओळ नियमाच्या शेवटीच हवी. ती वर नेली, तर त्या क्षणी दुसरा चल अजून रिकामा असतो, रिकामा चल कोणत्याही नावाहून वेगळा मानला जातो, तपासणी पार होते आणि पुढे मिफुने स्वतःचेच सहकलाकार ठरतात. क्रमाची चिंता नको असेल, तर ‘डिफ’ हे विधेय वापरावे. ते चलांना मूल्ये मिळेपर्यंत तपासणी राखून ठेवते.

एकच नाव पुन्हा नको असेल, तर ‘सेटऑफ’ वापरून क्रमवार, पुनरुक्ती नसलेली यादी मिळवता येते. उत्तरे नसतील, तर ‘फाइंडऑल’ रिकामी यादी देते, ‘सेटऑफ’ मात्र थेट ‘फॉल्स’ म्हणते. पुढे यादीची लांबी मोजायची असेल, तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

## ७. ‘नाही’ असे विचारणे

आरंभीचा प्रश्न आता लिहू; त्यात `\+` म्हणजे ‘नाही’:

```
मिफुनेविना(_चि) :-
    दिग्दर्शन(कुरोसावा, _चि),
    भूमिका(शिमुरा, _चि),
    \+ भूमिका(मिफुने, _चि).
```

आपल्या लहान संचात उत्तर ‘इकिरू’ असे येते आणि ते बरोबर आहे. नकाराची ओळ पहिली लिहिली, तर मात्र उत्तर ‘फॉल्स’ येते. कारण चित्रपट ठरलेला नसताना ती ओळ ‘मिफुने यांनी एकाही चित्रपटात भूमिका केलेली नाही ना?’ असे विचारते आणि ते तर उघडच खोटे आहे. नकार नेहमी त्यातील चलांना मूल्ये मिळाल्यानंतर यावा.

याहून खोल मुद्दा असा की हा नकार जगाविषयी नसतो, तुमच्या फाइलीविषयी असतो. प्रोलॉग ‘मिफुने इकिरूत नव्हते’ असे सिद्ध करत नाही. ‘तसे तथ्य मला सापडले नाही’ एवढेच सांगते. होकारार्थी प्रश्नात अपुऱ्या माहितीमुळे एखादे उत्तर कमी येते, जे आले ते मात्र खरे असते. नकारार्थी प्रश्नात अपुऱ्या माहितीमुळे चुकीचे उत्तर जास्तीचे येते. श्रेयनामावलीतील फक्त पहिले दहा कलाकार साठवले असतील किंवा स्रोतातच प्रमुख कलाकारांपुरती नोंद असेल, तर छोट्या भूमिकेतला माणूस चित्रपटात नव्हताच असे निघते.

यावर एक साधा उपाय आहे. ज्या चित्रपटाची संपूर्ण नामावली आणली, त्याच्यासाठी `पूर्ण(इकिरू).` असे तथ्य लिहावे आणि नकार असलेल्या प्रत्येक नियमात `पूर्ण(_चि)` ही अट नकाराच्या आधी घालावी. चौथ्या पायरीतील ‘राहिलेले’ चित्रपट मग नकारार्थी उत्तरांत शिरत नाहीत. स्रोतातच एखादी नोंद सुटली असेल, तर याने भागत नाही, पण आपल्या बाजूची चूक तरी बंद होते.

## ८. साखळीचे प्रश्न

अकिरा ताकारादा आणि मिफुने आपल्या संचात कोणत्याही चित्रपटात एकत्र नाहीत, पण दोघांनीही शिमुरा यांच्याबरोबर काम केले आहे. अशी साखळी किती लांब जाते, हे शोधण्याचा खेळ ‘बेकन क्रमांक’ या नावाने प्रसिद्ध आहे. नियम असे होतात:

```
:- टेबल जोडलेले/२.
जोडलेले(_अ, _ब) :- सहकलाकार(_अ, _ब, _).
जोडलेले(_अ, _ब) :- जोडलेले(_अ, _म), सहकलाकार(_म, _ब, _).
```

पहिली ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. ती नसेल, तर दुसरा नियम स्वतःलाच हाक मारत राहतो आणि स्मृती संपेपर्यंत थांबत नाही. टेबल लावल्यावर एकदा विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे नोंदवली जातात आणि नवे उत्तर निघेनासे झाले, की शोध संपतो. `जोडलेले(ताकारादा, _कोण)` असे विचारल्यास उत्तरांत ताकारादा स्वतःही दिसतील, कारण शिमुरांपर्यंत जाऊन परत येणारी वाटही नियमात बसते. नको असल्यास बाहेरच्या प्रश्नात त्यांना वगळावे.

किती पायऱ्यांनी जोडलेले आहेत हे हवे असेल, तर टेबललाच सर्वांत लहान मूल्य राखायला सांगता येते:

```
:- टेबल अंतर(_, _, मिन).
अंतर(_अ, _ब, १) :- सहकलाकार(_अ, _ब, _).
अंतर(_अ, _ब, _न) :-
    अंतर(_अ, _म, _क),
    सहकलाकार(_म, _ब, _),
    _न इज _क + १.
```

`अंतर(ताकारादा, मिफुने, _न)` याचे उत्तर २ येते.

आणणे आणि विचारणे वेगळे का ठेवायचे, ते इथे आकड्यांत दिसते. समजा, `भूमिका` हे विधेय साठवलेल्या तथ्यांऐवजी थेट नेटवर्कला विचारते. एखाद्या कलाकाराचे ५० चित्रपट असतील, तर त्याचे सहकलाकार शोधायला १ अधिक ५० विनंत्या लागतात. प्रत्येक चित्रपटात ३० कलाकार धरले, तर पुढच्या पायरीवर १,५०० पर्यंत नावे उभी राहतात आणि त्यांतल्या प्रत्येकासाठी तोच हिशेब पुन्हा सुरू होतो. त्यात मागे फिरताना प्रोलॉग आधी विचारलेलेच पुन्हा विचारते. ४२९चा संकेत येण्याची वेळ दूर नसते. म्हणून साखळीच्या प्रश्नांसाठी आधीच मर्यादा ठरवावी: ठरावीक दिग्दर्शकांचे किंवा ठरावीक वर्षांतले चित्रपट आणावेत, तेवढीच तथ्ये लिहावीत आणि उत्तर त्या संचापुरते आहे हे उत्तरासोबत नमूद करावे.

## ९. वेग

काही हजार तथ्यांपर्यंत वेगाची काळजी करू नये. त्यापुढे नियमातील अटींचा क्रम महत्त्वाचा होतो. जी अट सर्वांत कमी पर्याय शिल्लक ठेवते, ती आधी लिहावी. कुरोसावा यांचे चित्रपट तीसेक आहेत, १९५४ साली प्रदर्शित झालेले त्याहून कितीतरी अधिक. म्हणून दिग्दर्शक आधी, वर्ष नंतर. अनुक्रमणिका एसडब्ल्यूआय-प्रोलॉग गरजेनुसार स्वतः तयार करते, त्यासाठी वेगळे काही लिहावे लागत नाही. प्रश्न मंद वाटला, तर ‘टाइम’ या विधेयात गुंडाळून चालवावा; किती अनुमाने झाली तो आकडा सेकंदांपेक्षा अधिक बोलका असतो.

## १०. पडताळणी आणि नूतनीकरण

पहिल्या पायरीत लिहून ठेवलेले प्रश्न आता काढावेत. त्यांपैकी किमान एक नकारार्थी आणि एक ‘काहीच नाही’ असे उत्तर येणारा असावा. उत्तर चुकले, तर आधी नियम बदलू नये. तथ्यांची फाइल उघडून त्या चित्रपटाची ओळ डोळ्यांनी पाहावी, मग त्याची साठवलेली जेसन फाइल पाहावी आणि मगच नियमाकडे वळावे. बहुतेक चुका नियमात नसतात. क्रमांक चुकीच्या चित्रपटाचा असतो, स्ट्रिंग आणि ॲटमची गल्लत असते किंवा अर्धी नामावली आलेली असते.

विदागारातील नोंदी लोक दुरुस्त करत राहतात, त्यामुळे तथ्ये शिळी होतात. माहिती किती काळ साठवून ठेवता येते यावर टीएमडीबीच्या अटींत मर्यादा आहे, आणि तुमचा प्रोग्राम इतरांना दाखवायचा असेल, तर माहिती त्यांच्याकडून घेतली असून त्यांनी तुमच्या कामाला मान्यता दिलेली नाही, असे निवेदन त्यांच्या बोधचिन्हासह द्यावे लागते. नूतनीकरण करताना जुन्या फाइलीत ठिगळे लावू नयेत. सर्व जेसन नव्याने आणावे, तथ्यांची नवी फाइल वेगळ्या नावाने लिहावी, पडताळणीचे प्रश्न तिच्यावर चालवून पाहावेत आणि उत्तरे जुळली, की मगच जुनी फाइल काढून नवी तिच्या जागी ठेवावी. फाइलीच्या आरंभी `आणले('...').` असे एक तथ्य लिहून त्यात तारीख भरावी, म्हणजे कोणत्याही उत्तराबरोबर ते कोणत्या दिवसाच्या माहितीवर आधारलेले आहे हेही प्रोलॉगलाच विचारता येते.